अर्ध्या दिवसाच्या वाटेवरची लेक

मोठमाय गेल्याचं मला घरच्या ग्रुपवरच्या फोटोवरून कळलं. मतदानाच्या कार्डावरचा तिचा फोटो कोणीतरी मोठा केला होता, भोवती झेंडूचा छापील हार, खाली ‘वृद्धापकाळाने दुःखद निधन’ आणि त्याच्याखाली एकामागून एक हात जोडलेले. आमच्या कारखान्यात कामावर जाताना मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे दुपारच्या चहाला बाहेर आले तेव्हा मी ते पाहिलं. तिथेच टाइलांच्या खोक्यांवर बसून काकूला फोन लावला. काकू म्हणाली, “आटोपलं व बाई. ऊन लई होतं, अन् कोणासाठी थांबा लागत होतं? सगळे तं इथंच होते.” सगळे इथंच होते... मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा रडू आलं नाही, राग आला. कारण कोणासाठी थांबायला पाहिजे होतं ते मला माहीत होतं, काकूला माहीत होतं आणि काकांना तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. डोणगावहून उंद्री अर्ध्या दिवसाची वाट आहे, मध्ये गाडी बदलावी लागते एवढंच. त्या अर्ध्या दिवसाच्या वाटेवर मोठमायची लेक राहते. पोटची, पहिली, जिवंत लेक. सत्तरच्या वर वर्षं त्या मायलेकींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, आणि आता पाहणं होणार नाही.

मोठमाय म्हणजे माझ्या आजोबांची आई, माझी पणजी. मी आठवी शिकलेली बाई, गुजरातेत टाइलच्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहते. असं काही लिहिण्याची मला सवय नाही. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. पेपरची ही पुरवणी आमच्या गावात येते, हॉटेलात वाचली जाते, म्हणजे काकाही वाचतील. माझे मालक, म्हणजे नवरा, म्हणाले, “छापू नको बाई, तुह्या मायले अजून त्याच घरात राहा लागते.” खरं आहे. माझे वडील मी सहा वर्षांची असताना गेले, तेव्हापासून आम्ही काकांच्या घरात, त्यांच्या ताटात. माझं लग्नही त्यांनीच लावलं. म्हणून मी आईला फोन करून विचारलं, लिहू का? आई म्हणाली, “माहं काय करतीन आता? लिह.” तर काका, वाचा.

मला शाळेतून काढलं ते आठवीनंतर. काकूचं बाळंतपण होतं, घरात हाताखाली कोणी पाहिजे होतं. दाखल्यावर कारण लिहिलं ‘घरगुती अडचण’. तेव्हा आईनं मान खाली घातली, मीही घातली. मोठमाय एकटी काठी टेकत शाळेत गेली आणि हेडसरांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, “अडचण घरात हाय म्हणता, तं अडचण काढा. पोरगी कायले काढता?” हेडसर हसले. त्यांनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, फक्त माझं नाव परत लिहिलं नाही. घरी आल्यावर काका अंगणातच ओरडले, तिनं गावात इज्जत घालवली म्हणून. ती ओसरीवर बसून पायाची धूळ झटकत होती. म्हणाली, “माही इज्जत म्या नेली न रे घेऊन, तुही कुठं नेली?” मी दाराआड हसले होते. त्या दिवसापासून किराण्याची पुडी आली की कागद सरळ करून ती माझ्यापुढे धरायची आणि मी मोठ्यानं वाचायचं. अर्धी बातमी, अर्धी जाहिरात, कुठल्यातरी औषधाचं नाव. ती प्रत्येक शब्दाला मान डोलवायची. आज मला चार ओळी लिहिता येतात त्या त्या पुड्यांच्या कागदांमुळे. हे उपकार मी विसरत नाही. काकांचेही विसरले नाही, आणि तिथेच माझं चुकलं, ते पुढे सांगते.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ करायची होती. काकांनी तहसिलीत खेपा घातल्या, जुने उतारे काढले आणि तयार झालेल्या कागदाचा फोटो मोठ्या कौतुकानं ग्रुपवर टाकला. वर एक नाव, त्याखाली रेघ, खाली नाव, पुन्हा रेघ. सगळे पुरुष. बटाट्याला कोंब फुटतो तसे आमचे पुरुष एकमेकांतून फुटले होते, त्यात बाईचा कुठं संबंधच नव्हता. मी भीत भीत लिहिलं, मोठमायचं नाव कुठे आहे? काकांनी आवाज भरून पाठवला, “बायांची नावं नसतात त्याच्यात. आठवी शिकलेल्यानं आम्हाले कायदा शिकवू नये.” खाली दोन-चार जणांनी हसण्याचे तोंडवळे टाकले. मी अंगठा टाकला. अंगठा!

पण मनात बसलं. दर रविवारी आईच्या फोनवरून मी मोठमायशी बोलायचेच. तिला ऐकू कमी यायचं, आई तिच्या कानाशी तोंड नेऊन माझे शब्द तिला सांगायची आणि तिचे मला. त्या रविवारी मी विचारलं, मोठमाय, तुझं माहेर कोणतं, तुझं सगळं सांग, मला लिहून ठेवायचं आहे. ती म्हणाली, “कायले? मले कोण दाखला देऊन राह्यलं?” आणि हसली. मग तिनं थोडंथोडं सांगायला सुरुवात केली. एका रविवारी एक घास, पुढच्या रविवारी दुसरा. आणि एकदा, मी काही विचारलं नसताना, मधेच म्हणाली, “मले एक लेक होती व.”

आमच्या घरी तिचा पाट लागला होता. पाट म्हणजे विधवा बाईचं दुसरं लग्न. आमच्या लोकांत ते चालायचं, पण त्याला मांडव नसे, वाजंत्री नसे, आणि पाटाच्या बाईनं पहिल्या घरचं काही आणायचं नाही असा दंडक असे. भांडं नाही, दागिना नाही, लेकरू नाही. लेकरू ज्याच्या वंशाचं त्याच्या घरी राहायचं. मोठमायचा पहिला नवरा लग्नानंतर चार-पाच वर्षांतच तापानं गेला. पोरगी तीन वर्षांची होती. “देरानं कडेवर घेतली होती. मले म्हणे, वैनी, मांगं पाहू नका, पोरगी रडन,” मोठमाय सांगत होती. आईचा आवाज मधेच थांबला, तेव्हा मोठमायच फोनमध्ये ओरडून बोलली, “म्या पाह्यलं व! म्या पाह्यलं मांगं. रडत नव्हती. गूळ खाऊन राह्यली होती.” मग आमच्या घरी आल्यावर तिला बजावलं गेलं की त्या घरचं नाव या घरात काढायचं नाही. तिनं काढलं नाही. आजोबांना माहीत होतं, काकांना माहीत होतं. सगळ्यांनी मिळून एक जिती पोरगी गिळून टाकली आणि वर पाणी प्यायले.

मी शोधायचं ठरवलं. माझ्याकडे काय होतं? एक मोबाइल, आठवड्याची एक सुट्टी आणि चिखली तालुक्यातल्या एका लहान गावाचं नाव. नशीब एवढंच की माझ्याशेजारी पॅकिंगला जी बाई उभी राहते तिचे मामा त्याच गावात निवृत्त मास्तर निघाले. गुरुजींनी मला कधी पाहिलं नाही, तरी माझ्यासाठी ते गावात दारोदार फिरले. म्हाताऱ्यांना विचारलं, वेणू नावाची सून होती का, पाट लागून डोणगावला गेलेली? कोणीच हो म्हणेना. जवळजवळ वर्ष असंच गेलं. गुरुजी मला म्हणाले, “बेटा, बुढीच्या डोक्यात काहीतरी सरमिसळ झाली असन. या गावात वेणू झालीच नाही.” मी रडकुंडीला येऊन मोठमायला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “कशी होईन? तथी मी गंगा होती. वेणू तं या घरचं नाव. इथं आली तवा ठेवलं.” अगं मग सांगितलं का नाहीस! तर म्हणे, “तू इचारलं, मोठमाय तुहं नाव काय, म्या सांगतलं वेणू. तथचं इचारलं असतं तं तथचं सांगतलं असतं.” आई तिकडे, मी इकडे, दोघी हसून हसून बेजार झालो. नंतर मला त्या हसण्याचा राग आला. बाईचं नाव घरागणिक पुसून नवं लिहितात हे मला माहीत नव्हतं का? माझंही बदललं आहे. आणि त्या गमतीत एक वर्ष गेलं. तिच्याकडे वर्षं कुठे शिल्लक होती?

गंगा म्हटल्याबरोबर गावातल्या एका म्हाताऱ्याला सगळं आठवलं. गुरुजी शाळेत गेले, जुनं रजिस्टर काढायला लावलं आणि पानाचा फोटो मला पाठवला. सुभद्रा. पालक म्हणून चुलत्याचं नाव. शाळा सोडण्याचं कारण – लग्न. दिल्याचं गाव उंद्री. मी तो फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला. शाईचं अक्षर होतं, कडेला पाण्याचा डाग होता. त्या एका ओळीएवढा पुरावा आमच्या वंशावळीतल्या सात पुरुषांकडेही नव्हता.

सुभद्राआत्याआजींचा नंबर त्यांच्या मुलाकडून मिळाला. मी कोण, कुठून बोलते ते सगळं नीट सांगितलं. त्या म्हणाल्या, “माही माय मेली. मी लहान होती तवाच मेली. तसंच सांगतलं मले.” आणि फोन बंद. आठ दिवसांनी त्यांनीच फोन केला. नमस्कार नाही, काही नाही. “जिती हाय म्हणतं?” मी म्हटलं, हाव. “मंग काऊन नाही आली?” मी दंडक सांगितला, पाट सांगितला, मागे वळून पाहिलेलं सांगितलं. गुळाचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, “गूळ मले आठोते. माय नाही आठवत. कशी व मी!” मी म्हटलं, रविवारी फोनवर दाखवते, चेहरा दिसतो. तशा उसळल्या, “एवढ्या वर्सांची भेट काय बोटभर काचातून करू? आन् ऐकू येत नाही म्हणतं तिले. नाही. मी येईन. पण मुराळी पाठवा. लेक हाय मी त्या घरची, पाव्हणी नाही. बिनमुराळ्याची येणार नाही.”

मुराळी म्हणजे सासरहून लेकीला घ्यायला जाणारा माहेरचा माणूस. भाऊ, भाचा, कोणीही. आयुष्यभर या बाईच्या दाराशी एक मुराळी आला नव्हता. तिनं दुसरं काही मागितलं नाही. शेत नाही, साडी नाही. दारात येऊन कोणीतरी म्हणावं, चल आत्या, मायनं बोलावलं.

मी काकांना फोन केला. आधी अर्धा तास देवासमोर बसले होते, एवढी भीती वाटत होती. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. गोड बोलले. “हे पाह्य बेटा, तू लई मोठं काम केलं. पण आत्ता पोरीची सोयरीक चालू हाय. पाटाची गोष्ट आत्ता निघाली तं सोयरे काय म्हणतीन? लगन होऊ दे. मंग मीच जातो गाडी घेऊन, आत्याले मानानं आणतो.” मोठमायच्या नावावर गावाजवळची तीन एकर जमीन आहे आणि लेक निघाली की वारसही निघतो, हे ते बोलले नाहीत. मला नंतर सुचलं. तेव्हा मी म्हटलं, बरं काका. ज्यांनी सांभाळलं, लग्न लावलं, त्यांना नाही कसं म्हणायचं? हे मी वर म्हणाले ते चुकणं. त्यांनी माझ्यावर उपकार केले आणि त्याची फेड मी दुसऱ्या दोन बायांच्या वाट्यातून केली.

लग्न दिवाळीनंतरचं होतं, ते माघात गेलं, माघातून उन्हाळ्यात गेलं. दर रविवारी मोठमाय विचारायची, “झालं का व लगन?” घरातल्याच पणतीचं लग्न, पण ती मला विचारायची, कारण तिच्या हिशेबी त्या लग्नाचा अर्थ एकच होता. कधी विचारायची, “उंच हाय का? बाप लई उंच होता तिचा.” मी म्हणायचे, उंच आहे, मोठमाय. मी पाहिलं कुठे होतं! होळीच्या आधीच्या रविवारी आईनं फोन तिच्याजवळ धरला तर तिनं विचारलंच नाही. मला बरं वाटलं. विचारलं नाही म्हणून मला बरं वाटलं, अशी मी.

होळी झाली आणि ती गेली. उंद्रीला कोणी कळवलं नव्हतं. मीच त्या खोक्यांवरून फोन लावला. आत्याआजी म्हणाल्या, “कवा?” दुपारी. “जाळलं?” हाव. खूप वेळ त्यांच्याकडच्या पंख्याचा आवाज येत राहिला. मग एवढंच म्हणाल्या, “म्हंजे मुराळी नाही आला.”

त्या रात्री मी काकांना फोन करून जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा बोलले. त्यांनी फोन कापला. दहाव्याला ते स्वतः फोन करून सांगतात, “कावळा ताबडतोब शिवला बरं. पिंड ठेवला न ठेवला तं आला. कायची इच्छा राह्यली नव्हती बुढीची.” मला काकांचा आला तेवढाच त्या कावळ्याचा राग आला. दोन दिवस उपाशी असेल मेला, त्याला काय माहीत? तेरवीच्या पत्रिकेत मुलगा, नातू, पणतू, अगदी चुलत घरच्या जावयांची नावं होती. मी म्हटलं, एक नाव टाका. म्हणे छापून झाल्या. म्हणे, त्यांच्या मुलाला यायचं तर येऊ दे, ओळखीचे म्हणून जेवून जातील. ओळखीचे! रागावर राग चढत जातो, आणि शेवटी तो मोठमायवरही येतो. शाळेत काठी घेऊन माझ्यासाठी भांडायला गेलीस, मग अर्ध्या दिवसाच्या वाटेवर स्वतःसाठी का नाही गेलीस? पण हे विचारायला आता ती नाही, आणि तेव्हा विचारलं असतं तर म्हणाली असती, मले कोण इचारलं.

सुट्टी मिळाली ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. गाडीतून उतरल्यावर मी डोणगावला गेले नाही. आधी उंद्रीला गेले, मालकांना घेऊन. आत्याआजी दारातच होत्या. उंच आहेत. खरंच उंच आहेत, चौकटीला डोकं लागेल इतक्या. मला त्यांच्याजवळ जाऊन म्हणायचं होतं, चला आत्याआजी, पण कुठे चला? कोणाकडे? मी पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी मला उठवून घरात नेलं.

आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, खाली गव्हाची रास, वर डांगर म्हणजे खरबूज, आणि घरातल्या गेलेल्यांचं नाव घेऊन पाणी. भरायची ती ज्या घरात बाई नांदते त्या घरच्या पितरांची. सासऱ्यांची, आजेसासऱ्यांची. आत्याआजींच्या देवघरापुढे त्या दिवशी दोन घागरी होत्या. त्यांच्या मुलानं एकीवर डांगर ठेवलं आणि दुसरीकडे बोट केलं, “माय, हे कोणाची?” त्या म्हणाल्या, “माह्या मायची.” तो चांगला माणूस आहे, पण दचकला. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, “आपल्यात माहेरची घागर भरत नसतात. लोकं नावं ठेवतीन.” आत्याआजी गहू पसरत होत्या, मान वर केली नाही. “या घरात आली तवापासून दरसाल तुह्या बापाच्या आज्या-पणज्याच्या घागरी भरल्या म्या. त्यातल्या एकालेही म्या डोळ्यानं पाह्यलं नव्हतं. हेही नाही पाह्यली. मंग अडचण काय हाय?” तो बाहेर गेला आणि दुसरं डांगर घेऊन आला.

पाणी आत्याआजींनी स्वतः भरलं, मला हात लावू दिला नाही. नंतर आम्ही रस-पोळी जेवलो. त्यांनी मला लेकीसारखी ओटी भरून पाठवलं, आणि निघताना मी घागरीकडे पाहिलं तर तिचा खालचा गहू ओला झाला होता.

काका उंद्रीला अजून गेलेले नाहीत. लग्न झालं, गाडी दारात उभी आहे. परवा रविवार होता. हात सवयीनं आईच्या नंबरावर गेला आणि मग मी उंद्रीला लावला. आत्याआजी म्हणाल्या, ती घागर त्यांनी रिवाजाप्रमाणे कोणाला दान दिली नाही, दाराजवळ तिवईवर ठेवली आहे, ऊन कडक आहे, येणारा-जाणारा पाणी पितो. मी विचारलं, गार होतं का? “लई गार. नवी हाय न, पाझरते. सकाळपासून दोनदा फडकं पिळलं तिच्याखालचं.”